माझी विहीर

"मंडळातर्फे कोण आलंय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

कोणीच उठलं नाही. साक्षीदारांच्या टेबलाशी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. 'विभाग' अशी पाटी असलेल्या खुर्चीत मुंबईहून आलेले उपसचिव बसले होते. 'मंडळ' अशी पाटी असलेली खुर्ची रिकामी होती.

"पयाला चोट्टा," मागच्या रांगेत बसलेली चतुराबाई म्हणाली.

मधल्या वाटेच्या पलीकडे तिचा धाकटा दीर किसनराव बसला होता. तो भिंतीकडे पाहत बोलला, "येईन तो. पयले त्या विभागवाल्याले सोलू द्या." भिंतीशीच बोलणं भाग होतं. दीड वर्षापासून तो वहिनीशी बोलत नव्हता.

विधिमंडळाची समिती वर्ध्याला आली होती. सरकार स्वायत्त मंडळं काढतं, पण पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवतं की मोकळं सोडून देतं, हे तिला तपासायचं होतं. सूतमाळा घालून झाल्या होत्या, चहा झाला होता, आता खरडपट्टी सुरू होती. जाम गावाजवळच्या रंगाच्या कारखान्याचं सांडपाणी नाल्यात येत होतं आणि नाल्यातून या दोघांच्या सामाईक विहिरीत झिरपत होतं. पाण्यावर तांबूस तवंग धरायचा. त्या पाण्यावरची मेथी आणि कोथिंबीर हिंगणघाटच्या बाजारात कोणी हातात धरायला तयार नव्हतं. कारखाना बंद करण्याचा अधिकार जलशुद्धी मंडळाचा, आणि मंडळावर देखरेख विभागाची.

चतुराबाईनं विभागाकडे अर्ज केला. उत्तर आलं, मंडळ स्वायत्त आहे, ते आमचं ऐकत नाही. किसनरावानं मंडळाकडे अर्ज केला. उत्तर आलं, विभागानं मंजुरी अडवून ठेवली आहे. दोघांनीही आपापल्या उत्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवला. सरकारी उत्तरावर इतका विश्वास ठेवणारी माणसं अजून आहेत, याचंच नवल. ती म्हणायची मंडळानं पैसे खाल्ले, तो म्हणायचा विभागानं. त्यावरून बोलाचाली झाली. मग पाळी मोडून मोटर कोणी लावली, दोन शेतांमधला धुरा कोणी कोरला, असं सगळं जुनं बाहेर निघालं. किसनरावाच्या मुलीचा, आकांक्षाचा, साखरपुडा झाला तेव्हा थोरल्या घरी निरोपसुद्धा गेला नाही. दोघं एकमेकांना पाण्यात पाहू लागले, तेही असल्या पाण्यात. पुढचे अर्ज गेले तेव्हा दोघांनीही हट्टानं 'माझी विहीर' असंच लिहिलं. चतुराबाईचा नवरा दौलतराव आज घरीच राहिला होता. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला भाऊ, त्यानं बसावं कुठं?

"कारखाना अजून चालू कसा?" अध्यक्षबाईंचा आवाज चढला.

"महोदया, मंडळ स्वायत्त आहे," उपसचिव शांतपणे म्हणाले. "विभागानं त्यांच्याकडे खुलासा मागितला आहे. तो आला नाही."

"आणि तुम्ही हातावर हात ठेवून बसलात?"

"नाही, महोदया. कडक शब्दांत स्मरणपत्रं पाठवली."

चतुराबाईनं किसनरावाकडे विजयी नजर टाकली. पाह्य म्हणावं, झापलं की नाई तुह्या मंडळाले!

"मंडळाच्या सदस्य-सचिवांना आत्ताच्या आत्ता इथे बसवा!" अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटला.

उपसचिव उठले. त्यांनी फाइल काखेत घेतली, टेबलाला वळसा घातला आणि 'मंडळ' पाटीच्या खुर्चीत जाऊन बसले. चष्मा पुसला.

"विचारा, महोदया."

अध्यक्षबाईंनी आधी पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"हा काय प्रकार आहे?"

"ते पद रिक्त आहे. अतिरिक्त प्रभार पहिल्यापासून माझ्याकडेच आहे."

"म्हणजे खुलासा मागितला तुम्ही?"

"विभागाच्या वतीनं, होय."

"आणि दिला नाही, तोही तुम्हीच?"

"मंडळाचं उत्तर विचाराधीन आहे."

एक आमदार खो खो हसले, मग सगळेच हसले. चतुराबाई हसली नाही. तिच्या अंगाची लाही लाही झाली. ज्याला ती उठता-बसता शिव्या घालत होती आणि ज्याची बाजू घेऊन भांडत होती, तो एकच माणूस निघाला होता. पायातली चप्पल काढावी आणि भिरकावावी, असं तिला वाटलं. पलीकडे किसनराव मान खाली घालून खांद्यावरच्या दुपट्ट्याचं टोक पिळत होता.

अध्यक्षबाईही हसल्या नव्हत्या. "मग आता मंडळ म्हणून सांगा. कारवाई का केली नाही?"

साहेबांकडे त्याचंही उत्तर तयार होतं. "तक्रारींमध्ये तफावत आहे, महोदया. एका अर्जात विहीर चतुराबाईंची आहे, दुसऱ्यात किसनरावांची. शिवार तेच, नाला तोच. विहीर नक्की कोणाची आणि विहिरी किती, हे निश्चित झाल्याशिवाय पाण्याचा नमुना घेता येत नाही. तक्रारदारांचं आपसातच एकमत नाही, त्याला मंडळ काय करणार?"

आता हसायची त्यांची पाळी होती. ते किंचित हसलेही.

अध्यक्षबाईंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "तक्रारदार कोण आहेत? विहिरी किती आहेत तुमच्या?"

दोघंही एकदम उठले. किसनरावानं तोंड उघडलं. मग त्यानं भिंतीकडे नाही, चतुराबाईकडे पाहिलं.

"तुमीच सांगा, वहिनी," तो म्हणाला आणि खाली बसला.

चतुराबाईनं पदर खोचला.

"साहेबाले खुर्च्या दोन हायेत, मॅडम. आमची इहीर एकच हाय."