पडद्यामागचा जर्मन

"एक नंबर म्हणजे निव्वळ पत्र्याचा डबा," खासनीस मान झटकत म्हणाले. "आणि दोन नंबर? लोणी! तो माझा जर्मन. बहिऱ्यालासुद्धा कळेल."

श्रोता मंडळानं माना डोलावल्या. मृणाल पडद्याशेजारी बटणावर हात ठेवून उभी होती. गेल्या वर्षी याच माणसानं, याच सभागृहात, तिच्या बाबांनी हातानं बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरला पत्र्याचा डबा म्हटलं होतं. त्या दिवसापासून बाबांनी सोल्डरिंग गनला हात लावला नाही, आणि ती आतल्या आत धुमसत राहिली. आजची पैज तिचीच होती: पडद्याआड खासनीसांचा जर्मन आणि बाबांचा घरगुती असे दोन अ‍ॅम्प्लिफायर, ती बटण फिरवणार, तुम्ही ऐकून ओळखा.

पहिल्या रांगेतले बाबा तिच्याकडे झुकले. डोळे ओले. "एक नंबर आपला, बयो. हजारात ओळखेन मी."

मृणालनं पडद्याकडे नेलेला हात मागे घेतला. पण समोर खासनीस टाळीसाठी हात पुढे करत होते, आणि तो माज तिला बघवेना. तिनं पडदा बाजूला ओढला.

"काका, बटण नुसतं शोभेचं आहे. दोन्ही वेळा तुमचाच जर्मन वाजला. पत्र्याचा डबा तुम्ही त्यालाच म्हणालात!"

सभागृह खदखदून हसलं. खासनीसांचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांत मोठ्यानं बाबा हसत असतील म्हणून ती वळली.

बाबा रांगेतून उठून पडद्यामागे वाकले होते. आपल्या अ‍ॅम्प्लिफायरची, कुठेच न जोडलेली वायर ते हळूहळू हाताला गुंडाळत होते.