टी-नव्वदचं कुंकू

देवाशप्पथ सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

कोल्हापुरात गो-कार्टची शर्यत होती आणि गिरिजाच्या गाडीपाशी तपासनीस अडून बसला होता. "टी-नव्वद आणि टी-एकशेवीस, दोन्ही इंजिनं दिसायला सारखीच. लहान इंजिनांची शर्यत आहे बाई. नंबर वाचता आला नाही, तर गाडी बाहेर!"

इंजिनावर ठोकलेला नंबर पुसून पुसून पार पुसट झाला होता. गाडीवर वर्षभर राबलेली गिरिजा रडकुंडीला आली.

तेवढ्यात कुमुदआत्यानं पर्समधून कुंकवाची डबी काढली. दसऱ्याला याच इंजिनाला कुंकू फासलं, म्हणून गिरिजा तिच्यावर खेकसली होती.

"आत्या, आत्ता कसली पूजा?"

"गप गं!"

आत्यानं चिमूटभर कुंकू नंबरावर चोळलं आणि पदरानं पुसलं. वरचं गेलं, खाचांतलं राहिलं. लालभडक टी-नव्वद!

"वाचा की आता, भाऊ."

मग गिरिजा अशी सुटली, अशी सुटली, की बाकीच्या गाड्या पोचेपर्यंत तिचा चहासुद्धा पिऊन झाला.

बरं बाई, चहाचं तेवढं मी मनानं घातलं. उसाचा रस होता.