सारंगधर आणि तांबडी शेळी

चंद्राक्काने शूटिंगमध्ये घुसून गुप्तहेर सारंगधरचा कोटच धरला. "सायेब, माझी तांबडी शेळी हरवलीया. तेवढी शोधून द्या."

त्याने खोटी मिशी काढून दाखवली. "आक्का, मी नट आहे. पुस्तकातल्या गुप्तहेराचं काम मालिकेत करतो. आधी लेखक लिहितो, मग मला सापडतं."

"जुन्या शिनेमातला सारंगधर असली कारणं सांगत न्हवता," म्हातारी म्हणाली. "मग लेखकालाच सांगा, शेळी घावली म्हणून लिव. मला दुसरं कोण न्हाई."

शुक्रवारच्या भागात खुनाचा तपास तसाच राहिला. सारंगधर रानोमाळ हिंडला आणि करवंदीच्या जाळीतून तांबडी शेळी घेऊन आला.

टीव्हीसमोर चंद्राक्का हळूच म्हणाली, "तांबडे, चल गं घरी."

पडद्यावर शेळीने कान टवकारले, आणि दारातल्या रिकाम्या दाव्याला हिसका बसला.