मान सरळ

"आक्का, उद्या फायनल. दाजींची एखादी खोड सांग की," दुपारी धाकट्या भावानं फोनवर लाडीगोडी लावली. तो ऋतुजाच्या माहेरच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, आणि नवरा समोरच्या संघाचा, सासरच्या तालमीचा स्ट्रायकर. कोल्हापुरात अशी सोयरीक म्हणजे रोजचीच चेष्टा. "विचार करून ठेव, संध्याकाळी परत करतो," म्हणत त्यानं फोन ठेवला.

विचार कसला करायचा? लग्न झाल्यापासून परसात पासिंगच्या सरावाला नवऱ्यासमोर तीच उभी राहायची. बॉल जिकडं मारायचा, तिकडं त्याची मान आधी वळायची, हमखास. तिनं हे कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा.

आज संध्याकाळी मात्र प्रत्येक पास सुटायच्या आधीच ती बॉल येणार तिथं जाऊन उभी. नवरा वैतागला. "अगं, तुला कळतंय कसं?"

"तुमची मान सांगते."

"मग इतके दिवस का नाही बोललीस?"

"गोलात माझा भाऊ असतो."

कट्ट्यावरचा फोन वाजू लागला. भावाचाच. ऋतुजानं तो वाजू दिला, ओढणी कमरेला बांधली आणि बॉल नवऱ्याकडं सरकवला.

"द्या परत. मान सरळ ठेवून."