बँकेची भीती

रविवारी सकाळी तीन वर्षांची रेवा खुर्चीवर चढून गॅलरीच्या कठड्यावरून वाकली, तेव्हा तिची आई केतकी शेजारीच चहा पीत बसली होती. आतून धावत आलेल्या अजिंक्यने लेकीला मागे ओढलं.

"तुला दिसत नव्हतं?" तो बायकोवर ओरडला.

"दिसत होतं. पण काही वाटलंच नाही रे."

बँकेच्या जोखीम विभागात बढती घेताना केतकीने कानामागे चिप बसवून घेतली होती. तेव्हापासून तिची सगळी भीती बँकेच्या कामी लागली. एखादं मोठं कर्ज बुडणार असलं, की ते आकड्यांत दिसण्याआधीच तिच्या पोटात गोळा यायचा. म्हणून तर ती विभागप्रमुख झाली होती. घरासाठी मात्र भीती उरली नव्हती.

"काढून टाक ती चिप."

"पुढच्या महिन्यात मी संचालक होतेय. तेवढं होऊ दे."

अजिंक्यने रेवाचे कपडे बॅगेत भरले आणि तिला कडेवर घेतलं. दारात तो थांबला. "आम्ही परत येणार नाही, याची तरी भीती वाटतेय?"

केतकीने मनात शोधून पाहिलं. "नाही," ती खरं तेच बोलली.

लिफ्ट खाली गेली आणि तिच्या छातीत एकदम धडधडू लागलं, तळहातांना घाम फुटला. वाटतंय, मला वाटतंय! ती आनंदाने जिन्याकडे धावली. दोन मजले उतरली तोच फोन वाजला.

"मॅडम, बँकेच्या सर्व्हरवर हल्ला झालाय."

खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. केतकी वळली आणि भराभर जिना चढू लागली.