यंदा शिकार नाही

वायोमिंगमधल्या आमच्या खोऱ्यात यंदा एप्रिल उलटला तरी हिवाळा हटेना. बर्फ वितळला तेव्हा कुंपणांच्या कडेला हरणं मरून पडलेली दिसली. पाडसं तर जवळपास सगळीच गेली होती. म्हातारा ऑरिन घोड्यावरून सगळी टेकडी फिरून आला आणि बूटही न काढता त्याने सिॲटलला मुलाला फोन लावला. ट्रेंट दर ऑक्टोबरला बायकापोरांना घेऊन शिकारीसाठी घरी यायचा.

"यंदाचा बेत रद्द कर रे. चांगला नर औषधालाही उरलेला नाही. उगाच रजा वाया घालवू नकोस."

"एवढं वाईट आहे?"

"जी वाचलीत ती तरी जगू देत. दोन-तीन वर्षं बंदूक भिंतीवरच बरी."

"बरं झालं आधीच सांगितलंत, बाबा. मग पोरांना घेऊन समुद्रावर जाऊन येतो."

"जा की! मजा करा."

फोन ठेवून ऑरिन समाधानाने बायकोला म्हणाला, "शहाणा आहे पोरगा. लगेच पटलं त्याला."

बटाटे सोलणाऱ्या डेलाचा हात थांबला.

"हरणं नाहीत, हे सांगितलंस," ती म्हणाली. "आपण अजून आहोत, ते सांगायचं राहिलं."

ऑरिनने पुन्हा फोन उचलला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. घरी ये म्हणायला दुसरं निमित्तच त्याला सुचेना.