नऊ खिळे

"तुमचे गाववाले जरा खाली बसू देत, बाबा. घरचं बोलायचंय," असं सर्वेश म्हणाला. डोळे तपासायला देवगडहून आलेला अंबादास कापडी पिशवी उचलून गुमान खाली वॉचमनच्या बाकावर जाऊन बसला. सहदेवने आपल्या जुन्या सोबत्याला थांबवलं नाही.

मुलाने पवईहून सल्लागार आणला होता. त्याने चहा नको म्हटलं आणि गरम पाणी मागितलं. तिथेच तो सहदेवच्या मनातून उतरला. ऐंशीला टेकलेला म्हातारा म्हणजे बहिराच, असं धरून तो एकेक शब्द सुटा करून मोठ्याने सांगत होता. घाटकोपरचा हा फ्लॅट ट्रस्टमध्ये टाकायचा. आज वारसा कर नाही, पण उद्या सरकारने आणला तर? ट्रस्ट असला म्हणजे कराची झळ कमी, कोर्टकचेरी कमी, आणि घर नातीपर्यंत, जान्हवीपर्यंत, सुखरूप पोचतं.

सहदेव ऐकत होता आणि मनात थुंकत होता. अजून जन्माला न आलेल्या कराने पोराची झोप उडवलीय. बापाबरोबर सकाळचा चहा घ्यायला वेळ नाही, पण बाप मेल्यानंतरचं सगळं पाठ. याला घर म्हणजे काय ते कधी कळलं? इथे चाळ होती तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीत गावची नऊ माणसं राहायची. भिंतीला नऊ खिळे, एकेका खिळ्याला एकेकाचा शर्ट. पाळीने गिरणीत जायचं, पाळीने झोपायचं. संपानंतर आठ जण गावी गेले, सहदेव राहिला. चाळीचा टॉवर झाला, खोलीचा फ्लॅट झाला. आणि या पोराला भिंतीत एक खिळा मारलेला खपत नाही. रंग खराब होतो म्हणे.

"ट्रस्ट म्हणजे असतं तरी काय?" त्याने मुद्दामच विचारलं. बघू, या शहाण्याला साधं बोलता येतं का.

सल्लागार हसला. "सोपं आहे, काका. घर एकाच्या नावावर असतं, पण त्याचं नसतं. ज्यांचं आहे त्यांच्यासाठी तो नुसतं सांभाळतो. त्यांना विसरून स्वतःच मालक होऊन बसला, तर ती लबाडी."

मघापासूनची सगळी थुंकी सहदेवच्या स्वतःच्याच तोंडावर आली होती.

सर्वेशने पेनचं टोपण काढून पेन त्याच्या हातात दिलं. घर ज्यांना मिळायचं त्यांच्या यादीत आपलं आणि जान्हवीचं नाव त्याने आधीच छापून आणलं होतं.

"तुझ्या नावाच्या वर आठ ओळी मोकळ्या सोड," सहदेव म्हणाला.

"आठ? कोणासाठी?"

"खाली जा, अंबादासला वर घेऊन ये. बाकीच्या सातांच्या पोरांची नावं त्याला ठाऊक असतील." सहदेवने पेन खाली ठेवलं. "खोली घेताना पागडीचे पैसे नवांनी मिळून भरले होते रे. रेशनकार्ड माझ्या एकट्याकडे होतं, म्हणून नाव माझं लागलं."